पिशवीचं तोंड

बियाणे केंद्रावरून पिशव्या परत आल्या त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. म्हणजे दुपारी जेवले नाहीत. चार वाजता जेवले, पण रागाने जेवले, त्यामुळे घरात ते जेवण कुणी धरलं नाही.

पिशव्या सहाशे होत्या. मांजरपाटाच्या, पाच किलो बियाणं मावेल एवढ्या, तोंडाला नाडी. सोबत चिठ्ठी होती : ‘तोंडं उसवतात. पुढचा माल तपासून घेतला जाईल.’ पेरणीला दीड महिना उरलेला. हाच काय तो कामाचा हंगाम, आणि पलीकडच्या गावात विजेवर चालणाऱ्या आठ मशिनी घेऊन एक जण टपून बसलेला.

घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये दोन पायमशिनी. मास्तर कापड बेतायचे. धाकटी जाऊ बाजू आणि बूड शिवायची. सासूबाई सेफ्टी पिन लावून नाडी ओवायच्या. आणि तोंड थोरलीचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं. काठ दोनदा दुमडायचा, नाडीपुरती वाट सोडायची, वर दोन टिपा मारायच्या. बावीस वर्षं ती हेच करत होती. त्यामुळे ‘तोंडं उसवतात’ हे कुणाला उद्देशून लिहिलंय, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. सगळ्यांनी सांगितलं तरीही.

“मी म्हणतच होते, टीप पातळ येतेय,” धाकटी म्हणाली.

“कधी म्हणत होतीस?”

“मनात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला निरोप घेऊन आला. दूधवाला अतिशय लाजाळू माणूस. म्हैस गाभण असली तर ‘तिचं जरा अडचणीचं आहे’ म्हणायचा. त्याला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी निरोप दिला होता की, तीस ते पन्नास वयाच्या बायकांची पिशवीच्या तोंडाची तपासणी बुधवारी नऊला आहे, घरोघर सांग. आता हे घरोघर सांगायचं म्हणजे ‘बायका’ हा शब्द आला, ‘वय’ हा शब्द आला. दूधवाल्याने हे दोन शब्द वाटेतच कुठंतरी सांडले.

“मास्तर, बुधवारी नऊ वाजता दवाखान्यात पिशवीच्या तोंडाची तपासणी आहे,” तो किटलीकडे बघत म्हणाला. “तीस ते पन्नास. चुकवू नका म्हणाल्यात.” आणि माप नीट न भरताच गेला.

“दवाखान्यात?” धाकटी म्हणाली.

“बियाण्याला विषारी औषध चोळलेलं असतं,” मास्तर म्हणाले. “त्यात दवाखाना येणारच. पन्नासच नेऊ. तीस नेल्या तर हातचं राखलं असं वाटेल.”

दोन दिवस शेडमध्ये पन्नास पिशव्यांवर जेवढी मेहनत झाली तेवढी मास्तरांच्या लग्नाच्या सदऱ्यावर झाली नव्हती. थोरलीने प्रत्येक तोंडाला तीन टिपा मारल्या. मास्तरांनी इस्त्री फिरवली. बुधवारी गठ्ठा सायकलला बांधला आणि ते थोरलीला म्हणाले, “तू पण चल. तोंडं तुझी आहेत. काही विचारलं तर उत्तर तू द्यायचं.”

दवाखान्याच्या पडवीत वीसेक बायका बसल्या होत्या. पुरुष एकटे मास्तर. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही; शिवणकाम बायकाच करतात. फक्त कुणाच्याच हातात पिशव्या दिसेनात, तेव्हा ते थोरलीला हळूच म्हणाले, “बघ. एकीने तरी नमुना आणलाय का? म्हणून यांच्याकडे कामं टिकत नाहीत.”

नाव पुकारायची वाट न बघता ते गठ्ठा घेऊन टेबलापाशी गेले.

“काय आणलंत, मास्तर?” टेबलामागून नर्सबाईंनी विचारलं.

“पिशव्या. मोजून पन्नास. तोंडं वर करून ठेवल्यात, तुम्हाला बघायला बरं.”

नर्सबाई सतरा वर्षं नोकरीत होत्या आणि रुग्णांसमोर कधी हसल्या नव्हत्या. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. बऱ्याच वेळाने तोंड धुऊन बाहेर आल्या.

“तपासणी आहे खरी,” त्या म्हणाल्या. “पण ती पिशवी वेगळी. बायकांच्या पोटातली. तिचं तोंड तुम्ही शिवलेलं नाही.”

मागच्या भिंतीशी एक बाई फुसकन हसली आणि मग पडवीभर ते पसरलं. मास्तरांनी सगळीकडे एकदा बघितलं. “घरी नळ चालू राहिलाय,” असं म्हणून सायकलवर बसले आणि गेले. घरी नळ नव्हता, हातपंप होता. गठ्ठा टेबलावरच राहिला आणि गठ्ठ्याशेजारी थोरली.

तिलाही जायचं होतं. पण चालत जायचं म्हणजे त्या वीस जणींसमोरून पायऱ्या उतरायच्या, आणि त्या अजून डोळे पुसत होत्या. बसणं सोपं होतं. ती बसली.

“आलीच आहेस तर देऊन जा नमुना,” नर्सबाई म्हणाल्या. “वय?”

“बेचाळीस. पण मला काही होत नाही, बाई.”

“काही होत नाही तेव्हाच बघायचं असतं. व्हायला लागल्यावर सगळेच येतात.” त्यांनी गठ्ठ्यातली एक पिशवी ओढली आणि उलटी धरली. “ही गर्भपिशवी. हे खाली तोंड. एचपीव्ही नावाचा एक विषाणू असतो, तो इथं येऊन बसतो. नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. लाजू नकोस, जवळजवळ सगळ्यांना कधी ना कधी येतोच. बायांना येतो, बाप्यांना येतो. दहातल्या नऊ जणींच्या अंगातून वर्षा-दोन वर्षांत आपला आपण निघून जातो, आला कधी आणि गेला कधी ते कळतसुद्धा नाही. एखादीच्या तोंडाशी मात्र तो मुक्कामच ठोकतो. मग दहा-पंधरा वर्षांत हळूहळू तिथली कातडी बिघडत जाते, आणि तिकडे कुणी बघितलंच नाही तर त्याचा कॅन्सर होतो. आधी बघितलं तर होत नाही. एवढंच आहे.”

थोरलीने ते ऐकलं. पण तिची नजर टिपेवर होती. नर्सबाई बोलता बोलता पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी ताणत होत्या आणि टीप कुठंही सुटत नव्हती. मग केंद्रावरच्या का सुटल्या?

तिच्या हातात एक नळी आली. नळीत काडी, काडीच्या टोकाला मऊ ब्रश, बाळाची बाटली धुवायच्या ब्रशाचं नातवंड शोभेल एवढा. पडद्यामागे जायचं, आत सरकवायचा, हळू फिरवायचा, काढून नळीत ठेवायचा. कुणी हात लावणार नाही, कुणी बघणार नाही. थोरली पडद्यामागे गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बोटांना सुईचं नेढं न बघता सापडायचं, पण आपल्याच अंगात कुठल्या बाजूला वळायचं ते समजेना. तीन बाळंतपणं झाली होती, तिथं काय काय झालं ते सगळ्या सुइणींना आणि डॉक्टरांना ठाऊक. तिला नाही. दोन मिनिटं लागली. दुखलं नाही. बाहेर आली तेव्हा घामाने पाठ भिजली होती.

घरी आल्यावर तिने पहिलं काम केलं ते म्हणजे केंद्राने दिलेल्या दोऱ्याचं रीळ घेतलं आणि दोरा दोन हातांत धरून झटका दिला. तुटला. पुन्हा दिला, पुन्हा तुटला. घरातल्या जुन्या रिळाचा दोरा बोटात रुतला पण तुटेना. पन्नास पिशव्या तिने या जुन्या दोऱ्याने शिवल्या होत्या; परत आलेल्या सहाशे केंद्राच्या दोऱ्याने.

“दोरा कुजका आहे,” ती म्हणाली.

“मी म्हणतच होते,” धाकटी म्हणाली. आणि तिच्याकडे बघून, “मनात.”

मास्तर रीळ घेऊन केंद्रावर गेले, भांडले आणि दुसरा दोरा घेऊन आले. सहाशे तोंडं उसवायची, पुन्हा शिवायची, वर नवी चौदाशे. ऊन तापत होतं. पत्र्याखाली दुपारी मशीनचं चाक हाताला चटका द्यायचं. थोरलीची कंबर भरून यायची, टाचेच्या भेगेत दोऱ्याचे तुकडे अडकायचे. मास्तर दवाखान्याचा रस्ता सोडून लांबच्या वाटेने बाजाराला जायचे. गावात त्यांना आता कुणी ‘मास्तर’ म्हणण्याआधी एक क्षण थांबायचं.

तीन आठवड्यांनी भर दुपारी नर्सबाई शेडमध्ये आल्या. त्यांना बघून मास्तर सायकलचं टायर बघायला बाहेर गेले. टायर आठवड्यापूर्वीच बदललं होतं.

“तुझ्या नमुन्यात विषाणू सापडला,” नर्सबाई थोरलीला म्हणाल्या.

मशीन थांबली. दोन्ही मशिनी थांबल्या.

“म्हणजे कॅन्सर?”

“नाही. विषाणू आहे, एवढंच कळलंय. त्याने काही बिघाड केलाय का, ते डोळ्यांनी बघावं लागेल. सोमवारी मोठ्या दवाखान्यातून डॉक्टरबाई येणार आहेत. बिघाड नसला तर वर्षाने पुन्हा नमुना. असला तर तिथल्या तिथे उपाय. पण सोमवार चुकवायचा नाही.” मग धाकटीकडे वळून, “तू चौतीसची ना? तू का आली नाहीस? आणि तुझी पोरगी अकराची झाली, तिला लस देऊन घे. हा येण्याआधीच दिलेली चांगली.”

त्या गेल्या. अर्ध्या तासाने थोरली पाणी प्यायला उठली तर माठाजवळ चारच पेले होते. पाचवा, तिचा, खिडकीच्या कठड्यावर एकटा ठेवलेला.

“हे काय?”

“विषाणू म्हटला ना,” धाकटी खाली बघत म्हणाली. “मी आपली भांडी वेगळी करते.”

“पेल्यातून येत नाही तो.”

“असेल. पण...”

थोरली माठाकडे वळली. तिने माठातून पहिला पेला भरला, प्यायली. दुसरा भरला, प्यायली. तिसरा सासूबाईंचा, तोही. चौथा मास्तरांचा. प्रत्येक पेल्याला ओठ नीट लावले. मग पोटात पाणी डचमळत मशीनवर येऊन बसली. धाकटीने कठड्यावरचा पेला उचलून स्वतःसाठी भरला.

“माझी पण बघतील का सोमवारी, ताई?”

“आधी नमुना दे. नळी असते एक.”

मास्तरांचं प्रकरण एवढं सोपं नव्हतं. टायर बघता बघता त्यांनी सगळं ऐकलं होतं. दोन दिवस ते थोरलीशी कापडातून बोलले. म्हणजे बेतलेले तुकडे तिच्या बाजूला सरकवायचे, तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी चाळीस तुकडे वीतभर लहान कापले. तेव्हा थोरलीने पाय थांबवला.

“विचारायचंय ते विचारून टाका. कापड वाया जातंय.”

मास्तर कात्रीला तेल देऊ लागले. “मी कुठं काय म्हटलं? संबंधातून येतो, असं त्या म्हणाल्या.”

“हो.”

“मग आला कुठून?”

“माझ्या आयुष्यात बावीस वर्षं एकच माणूस आहे,” थोरली म्हणाली. “तो आत्ता कात्रीला तेल देतोय.”

मास्तर तेल देत राहिले. लग्नाआधी ते दोन वर्षं शहरात एका मोठ्या दुकानात शर्ट शिवायला होते. त्या दोन वर्षांबद्दल ते फक्त कॉलरच्या आकाराबद्दल बोलायचे.

“बाई म्हणाल्या,” थोरली पुढे म्हणाली, “वीस वर्षंसुद्धा गप्प बसून राहू शकतो. कुणाकडून आला, कधी आला, हे कुठल्याही तपासणीत कळत नाही. आणि मी तुम्हाला काही विचारलेलं नाही. विचारलं का?”

“नाही.”

“मग तुम्ही पण विचारू नका. चाळीस तुकडे लहान झालेत, त्याच्या मुठीएवढ्या पिशव्या कुणाला खपवायच्या ते बघा.”

कात्रीचं तेल ओघळून मास्तरांच्या पायजम्यावर पडलं. ते पुसायला त्यांनी बराच वेळ घेतला. संध्याकाळी त्यांनी कुणाला न सांगता तिच्या मशीनच्या पट्ट्याला नवा हूक घातला. त्यांच्याकडे माफीचा यापेक्षा मोठा प्रकार नव्हता.

राहिल्या सासूबाई. त्या काही न बोलता नाड्या ओवत होत्या, आणि त्यांचं काही न बोलणं म्हणजे काहीतरी ठरलेलं असणं.

“शनिवारची गाडी सांगितलीय,” शुक्रवारी त्या म्हणाल्या. “बाजारातल्या डॉक्टरकडे. काढून टाकू. तीन पोरं झाली, आता ठेवून काय करायचंय? माझी पस्तिसाव्या वर्षी काढली. त्याच डॉक्टरच्या बापाने.”

“सोमवारी डॉक्टरबाई बघणार आहेत, आई.”

“बघून काय, काढायचीच आहे. घरात कॅन्सर नको मला.”

धाकटीने मान डोलावली. मास्तरांनी डोलावली नाही, पण हलवलीही नाही. रात्रीच थोरलीच्या लुगड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवण्यात आली. बाजारातल्या डॉक्टरांची ख्याती मोठी होती. दहा गावांतल्या बायका पाठ दुखते, अंगावर जातं म्हणून त्यांच्याकडे जायच्या आणि हलक्या होऊन यायच्या.

शनिवारी सात वाजता गाडीने बाहेर भोंगा वाजवला. थोरली मशीनवर होती.

“ऊठ,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तुमची काढली तेव्हा काय झालं होतं?”

“अंगावरून पांढरं जायचं.”

“मग डॉक्टर काय म्हणाले?”

“काढू म्हणाले.”

“आधी आत बघितलं का काही लावून?”

सासूबाईंनी पिन नाडीत अडकवली, काढली, पुन्हा अडकवली. बाहेर भोंगा वाजला.

“हात धरून नाडी बघितली,” त्या म्हणाल्या.

“मला सोमवारी आधी बघू द्या. बघितल्यावर काढा म्हणाल्या तर काढेन. तुमच्याच डॉक्टरकडे काढेन. पण न बघता नाही.” तिने काठ दुमडला आणि पाय चालू केला. “आणि तीनशे तोंडं राहिलीत. ती कोण शिवणार, गाडीवाला?”

सासूबाई दाराशी गेल्या. गाडीवाल्याशी त्यांचं काय बोलणं झालं ते मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही. गाडी गेली. लुगड्यांची पिशवी त्यांनी स्वतः आत नेऊन ठेवली.

सोमवारी त्या थोरलीबरोबर दवाखान्यात आल्या. “एकटी नको,” एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, चष्मा सारखा नाकावर घसरत होता. थोरलीला टेबलावर पाय वर करून झोपवलं. छतावर पाल होती, तिच्याकडे ती बघत राहिली. आत थंड धातू, मग ओलसर काही लावलं. खोलीभर आंबट वास आला.

“हे व्हिनेगरसारखंच आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बिघडलेली कातडी याने पांढरी दिसते. एक मिनिट थांबायचं.”

ते मिनिट थोरलीने पिशव्यांत मोजलं. दीड तोंड होतं तेवढ्यात.

“आहे एक डाग. छोटाच, सगळा दिसतोय, आत शिरलेला नाही. हा कॅन्सर नाही. पण ठेवला तर पुढे होऊ शकतो. आत्ताच शेक देऊन जाळून टाकते, चालेल?”

“पिशवी?”

“पिशवीला काय झालंय? ती जागच्या जागी राहील.”

पोटात कळ आली, पाळीच्या पहिल्या दिवशी येते तशी, आणि गेली. झालं. महिनाभर पाणी जाईल, तोवर नवऱ्याने लांब राहायचं, ताप आला किंवा रक्त गेलं तर लगेच यायचं, आणि वर्षाने पुन्हा तपासणी. “ती चुकली तर आजचं सगळं फुकट,” डॉक्टरबाई म्हणाल्या. थोरली टेबलावरून उतरली. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तिने साडी नीट केली आणि मग, कुणी काही म्हटलेलं नसताना, थोडी रडली. एक-दोन मिनिटंच. मशीनला तेल देताना थांबतात तेवढं.

पडदा बाजूला झाला. सासूबाई उभ्या होत्या. आतलं सगळं त्यांनी ऐकलं असणार.

“बाई,” त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या, “माझी काढली, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. काय झालं होतं, ते आता कळेल का?”

“कागद आहे का काही?”

“कागद नाही दिला.”

“मग नाही कळणार, आजी.” डॉक्टरबाईंनी चष्मा वर सरकवला. “तोंडासकट काढली की तोंड ठेवलं?”

सासूबाई विचारात पडल्या. “असं वेगवेगळं असतं का?”

“असतं. तोंड राहिलं असलं तर तुमचीही तपासणी करायला हवी. कधी झालीय?”

“कधीच नाही.”

“बघू का?”

थोरलीला वाटलं, आता सासूबाई काहीतरी लागेल असं बोलतील. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि टेबलावर चढल्या. चढताना त्यांनी थोरलीच्या खांद्याचा आधार घेतला आणि तो हात तिथंच राहू दिला. त्या छताकडे बघत होत्या, तोंड घट्ट मिटून.

“आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तोंड ठेवलंय. नमुना घेते.”

“आहे?” सासूबाई म्हणाल्या. “अठ्ठावीस वर्षं मी समजत होते, काहीच उरलेलं नाही.”

खाली उतरून त्या नर्सबाईंसमोर बसल्या. नर्सबाईंनी कोरा कागद पुढे ओढला. नाव. वय त्रेसष्ट. बाळंतपणं पाच. पिशवी काढली, वय पस्तीस.

“काढण्याचं कारण?” नर्सबाईंनी स्वतःशीच विचारलं आणि लिहिलं.

“काय लिहिलंत?”

“‘माहीत नाही.’”

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं.

“तसं नको,” त्या म्हणाल्या. “त्याने मी वेंधळी ठरते. खोडा ते.”

“मग काय लिहू?”

“‘सांगितलं नाही’ असं लिहा.”

नर्सबाईंनी खोडलं आणि वरच्या जागेत तसं लिहिलं. सासूबाईंनी थोरलीला वाकून वाचायला सांगितलं. थोरलीने वाचून दाखवलं. मग त्यांनी खाली अंगठा लावला.